स्वतःसाठीच ना?

धाकट्याचं काम लिफ्टचं. नव्या बसवायचं नाही, बसवलेल्या चालू ठेवायचं. शहरातल्या अडतीस इमारती त्याच्याकडे होत्या. दर महिन्याला प्रत्येक लिफ्टचे दोर, ब्रेक आणि दाराचं कुलूप तपासायचं आणि गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत टांगलेल्या कार्डावर तारीख घालून सही करायची. एकवीस वर्षांत त्याने न तपासता एकही सही केली नव्हती. सोबतची माणसं हसायची. "अरे, कालच तर पाहिलीस ही!" म्हणायची. तो म्हणायचा, "काल पाहिली ती काल. सही आजची आहे."

दाजी त्याच्यावर एकच विनोद करायचे, पण तो सगळ्या पाहुण्यांपुढे करायचे. "आमचा धाकटा रोज पाचशे माणसं वर पोचवतो, आणि तरी मोकळा फिरतो!" पाहुणे हसायचे. धाकटाही हसायचा. दाजी बोलले की हसायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

त्याला कारणही होतं. आई गेली तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता आणि ताई अठराची. ताईने टपाल वाटायची नोकरी धरली, त्याला शाळेत घातलं, त्याचे सदरे शिवले, त्याच्या तापात रात्री जागून काढल्या. पुढे तिचं लग्न ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली, भाऊ माझ्याबरोबर येईल. दाजींनी ती मानली. बसडेपोत ते तेव्हा कंट्रोलर होते, त्यांच्या शब्दाला वजन होतं. धाकट्याला लिफ्टच्या कंपनीत उमेदवार म्हणून त्यांनीच चिकटवलं. "बायकोबरोबर मेहुणा आंदण मिळाला," हा त्यांचा दुसरा विनोद. तेव्हापासून दाजींचा शब्द धाकट्याने कधी खाली पडू दिला नाही. आता तो एक्केचाळीस वर्षांचा होता, त्याला बायको होती, आठवीतली मुलगी होती, पण दाजींसमोर तो अजून उमेदवारच होता.

एका रविवारी दुपारी दाजी एकटेच त्याच्याकडे आले. चहा घेतला आणि त्याला खाली चक्कर मारायला घेऊन गेले.

"एक काम आहे," ते म्हणाले. "शहराबाहेर ते कोल्ड स्टोरेज आहे ना, तिथे पहारेकरी हवेत. स्वतःचं हत्यार असेल त्याला आधी घेतात. मला पिस्तूल हवंय."

"मग घ्या ना, दाजी."

"मला देत नाहीत. ते जुनं प्रकरण. यंत्रात माझं नाव टाकलं की लाल दिवा लागतो."

जुनं प्रकरण धाकट्याला चांगलं माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी दाजींनी ताईचा हात दारात धरून दार लोटलं होतं. तिची दोन बोटं मोडली. ताई पोलिसांत गेली आणि कोर्टाने दाजींना पाच वर्षं हत्यार बाळगायला मनाई केली. महिन्याभरात ताईने तक्रार मागे घेतली. तिला स्कूटरवर बसवून ठाण्यात घेऊन जाणारा धाकटाच होता. "घरातलं घरात राहू दे, ताई. त्यांचा राग येतो तसा जातो," असं त्यानेच वाटेत सांगितलं होतं. तक्रार गेली, पण मनाईचा हुकूम तसाच राहिला.

"तिने तर मागे घेतलं सगळं," दाजी म्हणाले. "तूच नेलंस तिला. पण सरकारी कागद तो, चढलेलं नाव उतरायला पाच वर्षं. डेपोतून निवृत्त झालो, तोवर मी काय घरात माशा मारू? पैसे माझे. तू फक्त तुझ्या नावावर घे. तुझं नाव स्वच्छ आहे."

दाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"एवढं एक कर. पुन्हा काही मागणार नाही."

मंगळवारी तो कामावरून दोन तास लवकर सुटला. हत्यारांचं दुकान चपलांच्या आणि घड्याळांच्या दुकानांमध्ये होतं, तितकंच साधं. दाजी रस्त्यापलीकडे पेपर वाचत उभे राहिले. आत काउंटरमागे साठीच्या आसपासची एक बाई बसली होती. चष्म्याला साखळी, बोटांना तेलाचा वास. दाजींनी कागदावर लिहून दिलेलं मॉडेलचं नाव त्याने तिला वाचून दाखवलं. तिने काचेखालून ते पिस्तूल काढून त्याच्या हातात दिलं. त्याने ते पाना धरावा तसं धरलं आणि लगेच खाली ठेवलं.

"कशासाठी हवंय?"

"पहारेकऱ्याच्या नोकरीसाठी."

"सध्या काय करता?"

"लिफ्ट दुरुस्त करतो."

बाईने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग अर्ज पुढे सरकवला. नाव, पत्ता, जन्मतारीख. चौथ्या प्रश्नावर तिने बोट ठेवलं आणि तो मोठ्याने वाचला. "हे शस्त्र आपण स्वतःच्या वापरासाठी घेत आहात काय? दुसऱ्या कोणासाठी किंवा कोणाच्या सांगण्यावरून घेत असल्यास हा व्यवहार बेकायदेशीर आहे."

"वाचून दाखवायचा नियम आहे का?" धाकट्याने विचारलं.

"नियम नाही. माझी सवय आहे. माणसं वाचत नाहीत, सह्या करतात." तिने पेन पुढे केलं. "स्वतःसाठीच ना?"

धाकट्याने काचेबाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे दाजींनी पेपर घडी करून काखेत मारला होता.

"हो," तो म्हणाला, आणि चौकटीत खूण केली.

"चौकशीला दहा दिवस लागतात. दहा दिवसांनी या," बाई म्हणाली. "मधे मन बदललं तर नुसता फोन करा. कारण कोणी विचारत नाही."

त्या दहा दिवसांत त्याने दोनदा दुकानाचा नंबर काढला. एकदा तर फोन कानाला लावला होता, पण पलीकडे घंटा वाजायच्या आत बंद केला. दाजींना काय सांगणार? नाही म्हणायची त्याच्या जिभेला सवयच नव्हती. अकराव्या दिवशी त्याने पिस्तूल आणलं. डेपोमागच्या गाड्या लावायच्या जागेत दाजींनी ते कापडी पिशवीत घातलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास रे वाघा!"

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती, तिचा हात थांबला.

"त्यांना देत नाहीत म्हणून तुम्ही आणून दिलंत?"

"नोकरीसाठी आहे गं. कागदाची अडचण होती."

"का देत नाहीत, ते तर तुम्हाला ठाऊक आहे. ताईंची बोटं अजून पुरती वळत नाहीत."

"झालं ते झालं. दोन वर्षं झाली त्याला."

"म्हणजे कोर्टाला कळलं, दुकानदाराला कळलं, तुम्हाला तेवढं कळलं नाही," ती म्हणाली आणि भाजीकडे वळली.

तीन महिने गेले. ताई पूर्वी टपाल वाटून झालं की आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे चहाला यायची. ती यायची थांबली. फोनवर "बरी आहे, काम वाढलंय" एवढंच म्हणायची. एका सुट्टीच्या दुपारी धाकटा न सांगता तिच्याकडे गेला.

दार उघडंच होतं. आत जेवणाच्या टेबलाशी दाजी आणि ताई समोरासमोर बसले होते. ताईचे दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवलेले, शाळेत शिक्षा म्हणून ठेवायला लावतात तसे. मिठाच्या बरणीशेजारी पिस्तूल होतं.

"ये ये," दाजी मोकळेपणाने म्हणाले. "हिच्याशी जरा बोलत होतो."

"दाजी, हे इथे कशाला?"

"साफ करतोय."

टेबलावर ना फडकं होतं ना तेल. काहीतरी बोलायचं म्हणून धाकट्याने विचारलं, "कोल्ड स्टोरेजची नोकरी कशी चाललीय?"

"कसली नोकरी?" ताईच्या तोंडून निघून गेलं. लगेच तिने ओठ मिटले. दाजी हसले.

"हिला काही सांगत नाही मी. बस, चहा घेशील?"

तो बसला नाही. जिन्यात ताई त्याच्या मागून चार पायऱ्या उतरून आली. जवळून त्याने तिचा चेहरा पाहिला. ती वाळली होती, डोळे आत गेले होते.

"ताई, आत्ताच्या आत्ता चल माझ्याकडे."

"मग तो तुझ्याकडे येईल. तुझी पोरगी आहे घरात."

"मग पोलिसांत जा."

"कशी जाऊ?" ती कुजबुजली. "त्या पिस्तुलावर तुझं नाव आहे, धाकल्या. तो रोज सांगतो, जा, तक्रार कर, माझ्या आधी तुझा भाऊ आत जाईल. रोज, जेवताना." वरून दाजींनी हाक मारली. "तू जा. काही बोलू नकोस कुणाला. मी बघते."

ती वर गेली. धाकटा कठडा धरून उभा राहिला. ज्या माणसाच्या हातात हत्यार जाऊ नये म्हणून कोर्टाने हुकूम काढला, त्याच्या हातात त्याने ते नेऊन ठेवलं होतं, आणि वर ताईच्या तोंडावर आपल्याच नावाचं कुलूप घातलं होतं. चौथा प्रश्न कोणासाठी लिहिला होता, हे त्याला आता कळलं. तो ताईसाठीच होता.

दुसऱ्या दिवशी त्याच्या इमारतींपैकी एकीत, जिथे वकिलांची कार्यालयं होती, तिथे त्याने एका ओळखीच्या वकिलाला गाठलं. "माझ्या एका मित्राचं आहे," असं म्हणून सगळं सांगितलं. वकील म्हातारा आणि पोचलेला होता. मित्राचं नाव त्याने विचारलं नाही.

"अर्जावर खोटं लिहिलं, तिथेच गुन्हा पुरा झाला," तो म्हणाला. "पुढे गोळी सुटो न सुटो. पैसे कोणी दिले, मनात काय होतं, याने फरक पडत नाही. त्यातून ज्याला मनाई आहे त्याच्याच हातात दिलं, म्हणजे आणखी वाईट."

"आणि स्वतःहून जाऊन सांगितलं तर?"

"तर कोर्ट नरम पडतं. कदाचित तुरुंगही टळेल. पण काही घडायच्या आधी सांगितलं तर. घडल्यानंतर सांगितलं तर त्याला कबुली म्हणतात, उपकार नाही." वकिलाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मित्राला म्हणावं, आजच जा."

तो त्या दिवशी गेला नाही. दुसऱ्या दिवशी तीन इमारतींची वार्षिक तपासणी होती. तिसऱ्या दिवशी मुलीची परीक्षा सुरू झाली. परीक्षेत घरी पोलिस नकोत, असं त्याने ठरवलं. चौथ्या दिवशी त्याने ताईला फोन केला, ती "बरी आहे" म्हणाली, आणि खोटं आहे हे ठाऊक असून त्याने ते खरं मानलं. तो ठाण्याच्या रस्त्यावरून दोनदा गेला. एकदा पायऱ्याही चढला. आत बाकावर एक बाई रडत होती, शिपाई तिला पाणी देत होता. धाकट्याला वाटलं, इथे आत्ता गर्दी आहे. तो उतरून आला. शेवटी त्याने सोमवार पक्का केला. शुक्रवारी परीक्षा संपते, शनिवारचं काम उरकून रविवार घरच्यांबरोबर काढायचा, सोमवारी सकाळी जायचं. बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, "उद्याच जा." तो म्हणाला, "सोमवार म्हणजे काही लांब नाही."

शनिवारी सकाळी दहा वाजता तो एका सात मजली इमारतीत लिफ्टच्या छतावर बसून दोराला वंगण लावत होता. फोन वाजला. ताईच्या शेजारणीचा होता. ती नीट बोलू शकत नव्हती. त्याला फक्त "पाय" आणि "हॉस्पिटल" एवढं कळलं.

झालं होतं ते असं. ताई खांद्याला टपालाची पिशवी अडकवून कामावर निघाली होती. दाजी म्हणाले, आज जायचं नाही. ती म्हणाली, आज निवृत्तांच्या पेन्शनची पाकिटं आहेत, म्हातारी माणसं वाट पाहतात. ती दाराकडे वळली. गोळी मागून आली आणि उजव्या गुडघ्यातून आरपार गेली. दाजी टेबलाशी बसून राहिले. पोलिस आले तेव्हाही तिथेच बसले होते. "तिला थांब म्हटलं होतं," एवढंच ते म्हणाले.

धाकटा हॉस्पिटलमध्ये पोचला तेव्हा ताईला शस्त्रक्रियेला नेलं होतं. बाहेरच्या बाकावर साध्या कपड्यांतला एक पोलिस अधिकारी बसला होता. त्याने धाकट्याचं नाव विचारलं आणि शेजारी बसायला सांगितलं. मांडीवरच्या फायलीतून त्याने एका अर्जाची नक्कल काढली.

"पिस्तुलावरचा नंबर टाकला, चाळीस मिनिटांत तुमचं नाव आलं. ही सही तुमची?"

"माझी."

"हा चौथा प्रश्न. ही खूण?"

"माझीच." धाकट्याने तोंडावरून हात फिरवला. "साहेब, मी सोमवारी येणारच होतो."

अधिकाऱ्याने फाईल बंद केली. त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "सगळे येणारच असतात," तो म्हणाला.

खटला पुढच्या वर्षी उभा राहिला. दाजींना अकरा वर्षांची शिक्षा झाली. त्याबद्दल कोणाला आश्चर्य वाटलं नाही. धाकट्याचा खटला वेगळा चालला. त्याने काहीच नाकारलं नाही. दुकानातली बाई साक्षीला आली, चष्म्याची साखळी बोटाला गुंडाळत उभी राहिली. हा माणूस आठवतो का, असं तिला विचारलं.

"आठवतो. त्याने किंमतसुद्धा विचारली नाही," ती म्हणाली. "मी दहा दिवस त्याच्या फोनची वाट पाहत होते. मीही त्याला देऊ नये असं ठरवू शकले असते. त्याचं नाव स्वच्छ होतं, म्हणून दिलं." मग न्यायाधीशांनी न विचारता ती म्हणाली, "हल्ली मी दोनदा वाचून दाखवते."

ताई कुबड्यांवर आली. भावाच्या बाजूने काही सांगायचं आहे का, असं वकिलाने विचारलं. धाकटा मान खाली घालून बसला होता.

"मी त्याला लहानाचा मोठा केला," ताई म्हणाली. "त्याला नाही म्हणायला शिकवायचं राहून गेलं." मग कुबड्या सावरत ती खाली उतरली.

न्यायाधीशांनी निकालात लिहिलं की आरोपीचा हेतू वाईट नव्हता, पण अर्जात हेतू विचारलाच नव्हता. विचारलं होतं ते वेगळं, आणि त्याचं उत्तर त्याने जाणूनबुजून खोटं दिलं. चौदा महिन्यांची कैद झाली. लिफ्ट तपासायचा परवानाही कायमचा गेला. कंपनीने अडतीस इमारती दुसऱ्या माणसाला दिल्या.

तुरुंगातून सुटल्यावर त्याला एका गोदामात खोकी बांधायचं काम मिळालं. दिवसभर चिकटपट्टी ओढायची, खोकं बंद करायचं, पट्ट्यावर ढकलायचं. कोणी त्याला काही विचारत नसे, आणि ते त्याला बरं वाटायचं. मुलगी आता दहावीत होती. ती त्याच्याशी बोलायची, पण जेवढ्यास तेवढं. शाळेत कोणीतरी तिला काहीतरी म्हणालं होतं. काय, ते तिने कधी सांगितलं नाही.

सुटल्यावर पंधरा दिवसांनी तो ताईकडे गेला. ती आता तळमजल्यावरच्या एका खोलीत राहत होती. टपालखात्याने तिला वाटपावरून काढून आतल्या छाननीच्या टेबलावर बसवलं होतं. तीस वर्षं ती त्या शहरातल्या गल्ल्या पायांनी ओळखत होती. आता दिवसभर खुर्चीवर बसून पाकिटं कप्प्यांत टाकायची. गुडघा वळत नव्हता. उजवा पाय लाकडाच्या फळीसारखा पुढे ठेवून ती बसली होती. तिने त्याला चहा करून दिला, तो उठायला लागल्यावर "बस" म्हणाली आणि स्वतःच काठी टेकत कप आणून ठेवला.

त्याने चहा संपवला.

"ताई, मी नऊ दिवस गप्प बसलो," शेवटी तो म्हणाला. "कळल्यावरसुद्धा. आधीचं एक वेळ सोड. ते नऊ दिवस..."

"ठाऊक आहे मला. वकिलाने कोर्टात वाचलं सगळं." तिने काठी मांडीवर आडवी ठेवली. "मी तुझ्यासाठी तीन महिने गप्प बसले. तू तुझ्यासाठी नऊ दिवस. हिशेब नाही करत मी. सांगते नुसतं."

"रागावलीस?"

"राग असता तर बरं होतं. राग जातो." ती खिडकीबाहेर पाहू लागली. "तू दारात उभा राहिलास ना आत्ता, तर आधी मला ते टेबल दिसलं. मग तू दिसलास. माझा भाऊ मला नंतर दिसतो, धाकल्या. असं नको वाटतं."

डोळ्यांत पाणी आलं ते त्याने बाहीने पुसलं.

"मग मी काय करू?"

"काही करू नकोस. वर्षभर येऊ नकोस. बायकोला पाठव, पोरीला पाठव. तू नको." आवाज चढवला नाही तिने, लहानपणी त्याला झोप म्हणायची तशाच सुरात बोलली. "पुढच्या वर्षी बघू. कदाचित तेव्हाही नको म्हणेन. तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस."

"बरं," तो म्हणाला.

तो गेला नाही. बायको दर रविवारी जायची, कधी मुलीलाही न्यायची. डबा, औषधं, जुनी मासिकं घेऊन जायची आणि संध्याकाळी परत यायची. धाकटा तोवर घरातच बसून असायचा, टीव्ही लावायचा आणि बघायचा नाही. ती चपला काढत असतानाच तो विचारायचा, "चालते कशी?"

"हळू," बायको म्हणायची, आणि आत जायची.